भामी घेतलेलं परत करत नाही

रविवारी दुपारी मी सलीलच्या फ्लॅटवर पोचलो, तर माझं पात्र माझ्याआधी येऊन माझ्या खुर्चीवर बसलं होतं.

मी दारात चपला काढल्या आणि आत पाहिलं. टेबलाच्या एका बाजूला सलील, एका बाजूला मैत्रेयी, एका बाजूला ओजस आणि चौथ्या बाजूला भामी. सत्तरीची म्हातारी, एक डोळा पांढरा, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, अंबाड्यात वाकवलेल्या सुया खोचलेल्या. मी सांगितली होती तशीच होती. फक्त तिच्या अंगाला भांडी घासायच्या पावडरीचा वास येत होता, तो मी कधी सांगितला नव्हता. तो तिनं स्वतःहून आणला होता.

"आलास का," सलील म्हणाला. "जरा उभा राहतोस? खुर्च्या चारच आहेत."

मी उभा राहिलो.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना सांगतो. यात पट नसतो, सोंगट्या नसतात, कोणी जिंकत नाही. एक जण खेळ चालवतो. तो सांगतो, समोर किल्ला आहे, आत सम्राट आहे, खंदकात अजगर आहे. बाकीचे प्रत्येकी एक माणूस तयार करतात आणि त्याच्या तोंडानं बोलतात. काय करायचं ते आपण बोलायचं, जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. थापा मारायचाच खेळ, पण थापेला नियम असतात. सलीलच्या टेबलावरचा पहिला नियम होता, बोललं की झालं. तोंडातून निघालेलं मागे घेता येत नाही. ओजसच्या जादूगारानं एकदा गमतीत म्हटलं, ही काठी मी विहिरीत टाकतो. काठी गेली. पुढे त्याची जादू हातवाऱ्यांवरच चालली.

मी या लोकांत बसणारा माणूस नव्हे. मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. बारावीनंतर शिकलो ते काचेवर पान उलटं ठेवायच्या आधी ते सुलटं वाचून. लोकांचे प्रबंध, लोकांच्या कादंबऱ्या, लोकांचे घटस्फोटाचे कागद. सलील या खेळाचं जाडजूड नियमांचं पुस्तक छापून घ्यायला आला, तेही मी वाचलं. न्यायला आला तेव्हा त्याला विचारलं, यात एका माणसाला किती आयुष्यं मिळतात? तो हसला. म्हणाला, आमचा एक जण जर्मनीला गेलाय, तू ये रविवारी. मी गेलो. गंगापूर रोडवर मी तोवर एकाही घरात पुढच्या दारानं शिरलो नव्हतो.

मैत्रेयीची होती चांदीच्या केसांची तिरंदाज, वय तीनशे, दिसायची विशीची. ओजसचा होता राज्यातून हाकललेला राजपुत्र, चंद्रप्रकाशातून जादू करायचा. दोघंही दिसायला सुरेख. त्यांनी मला विचारलं, तुझा कोण? मी म्हणालो, म्हातारी. चोर आहे. नाव भामी.

मग सलीलनं विचारलं, हिची उणीव काय? प्रत्येक पात्राला एक उणीव द्यावी लागते आणि दिलेली उणीव शेवटपर्यंत सुटत नाही. मैत्रेयीच्या तिरंदाजाला फुलपाखरांची भीती होती. ओजसचा राजपुत्र दिसेल तिच्या प्रेमात पडायचा. मी म्हणालो, घेतलेलं परत करत नाही. राणीचा हार असो, नाहीतर शेजारणीची उसनी वाटी. हातात आलं की मूठ मिटली.

सलीलनं टेबलावर थाप मारली. म्हणाला, याला म्हणतात पात्र.

भामी चालली. भामी अशी चालली की बाकीचे तिच्यासाठी यायला लागले. ती कुलपाशी सवतीशी भांडावं तशी भांडायची. "उघड गं सटवे, काबरं रुसून बसली?" म्हणायची आणि कुलूप उघडायचं. सम्राटासमोर तिरंदाज गुडघ्यावर बसली, राजपुत्र गुडघ्यावर बसला. भामी सिंहासनाच्या पायरीवर बसली, कनवटीची मशेरी काढून दाताला लावली आणि म्हणाली, "राजा असशील तुझ्या घरी."

मैत्रेयी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, हे तुला सुचतं कसं? मी म्हणालो, सुचतं. सुचत काही नव्हतं. ते वाक्य आईचं होतं. आई याच रस्त्यावरच्या बंगल्यांतून धुणीभांडी करायची. तिनं ते एका बंगल्यात म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्या बंगल्याचं काम सुटलं. आमच्या घरात एवढंच माहीत होतं. त्या वाक्यापायी आईचं काम गेलं आणि त्याच वाक्यापायी मला टाळ्या मिळाल्या.

त्यांनी ते मगांवर छापून घेतलं. आमच्याच दुकानात, माझ्याच हातानं. तिघांचे तीन मग आणि चौथा भामीसाठी, तो टेबलाच्या मधोमध नुसता ठेवायचा. माझा चहा स्टीलच्या ग्लासात यायचा. पहिल्या दिवसापासून. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मग वरच्या फळीवर होते, ग्लास खालच्या. मला बघितलं की आणणाऱ्याचा हात खालच्या फळीकडे जायचा. हाताला कोण काय शिकवतं.

एकदा मी माझ्या तोंडानं विचारलं, "मंग पुढं काय?" ओजस हसला. म्हणाला, घुसलास परत भामीत. मी म्हणालो, मीच बोलतोय. तो आणखी हसला. म्हणाला, काय भारी करतोस यार.

आता तो दुसरा नियम. एखादं पात्र पडलं, म्हणजे मेलं, तर टेबलावरचे बाकीचे एकेक आठवण सांगतात. खऱ्या आठवणीला एक फासा मिळतो. सगळे फासे एकदम टाकायचे, एकावर जरी दहाच्या वर आलं तरी पडलेला उठतो. खोट्या आठवणीला एक फासा वजा. पडलेल्यानं स्वतः बोलायचं नाही. आणि हे एका पात्राला एकदाच. भामी दलदलीत बुडाली होती तेव्हा आठवणी संपेनात. भामीनं अजगराला कसं झोपवलं, भामीनं राजपुत्राची चड्डी कशी पळवली. फासे कमी पडले म्हणून ओजसनं धाकट्या बहिणीच्या लुडोतले आणले, दोन मिळून एक धरायचा. भामी चिखलातून उठली आणि तिनं पहिलं काय विचारलं, तर माझी मशेरी कुढं हाये.

दुसऱ्यांदा ती फाशीच्या चबुतऱ्यावर सापडली. फासा टाकला, एक आला. आठवणींचा मार्ग संपलेला होता. सलील हळू आवाजात म्हणाला, भामी संपली. मैत्रेयी रडायला लागली. आणि मी म्हणालो, "तिला सोडा. तिच्या जागी मला घ्या."

मला वाटलं, सलील हसेल. त्यानं फासा खाली ठेवला.

"बोललं की झालं," तो म्हणाला.

मैत्रेयीनं भामीची सगळी माहिती लिहिलेला कागद छातीशी धरला. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. पुढच्या रविवारी भामी माझ्या खुर्चीवर होती.

"आता कसं आहे," सलीलनं मला समजावून सांगितलं. तो चांगला समजावतो. "भामीच्या जागी तू. म्हणजे तू खड्ड्यात पडणार. पडलास की आम्ही तुझ्या आठवणी घेऊ. उठलास तर खुर्ची तुझी, भामी कागदावर परत. नाही उठलास तर भामी राहील."

"खड्डा कुठे आहे?" मी विचारलं.

"तयार होतोय. मी अजून वर्णन केलेलं नाही."

मग तो भामीला म्हणाला, तुझी पाळी. भामीनं तोंडातली मशेरीची लाळ गिळली, माझ्याकडे चांगल्या डोळ्यानं पाहिलं आणि म्हणाली, "हिरामन पानी आनतो." फासा टाकला. चौदा. माझे पाय स्वयंपाकघराकडे गेले. मी पाणी आणलं. सगळे प्यायले. "हिरामन पंखा वाढवतो." तीन आले. माझ्या हातानं दिव्याचं बटण दाबलं, नंतर पंख्याचं बंद केलं. ओजस च् च् करत म्हणाला, वाईट फासा. भामीनं खांदे उडवले. मी तिला चालवताना असेच खांदे उडवायचो.

चहा आला तेव्हा माझ्या लक्षात आलं की खोली लांब झाली आहे. मी दारापाशी होतो तिथंच होतो. पण टेबल आणि मी यांच्यामध्ये नव्या फरश्या आल्या होत्या. त्यांच्या सांध्यातलं सिमेंट अजून ओलं होतं. चहाचे चार मग टेबलावर गेले. भामीनं आपला उचलला, त्यावरचं आपलं वाक्य पाहिलं आणि फुर्र करून प्याली. माझा ग्लास मैत्रेयीनं फरशीवर ठेवून पायानं हळूच पुढे सरकवला, कारण हात पोचत नव्हता. तसं करताना ती सॉरी म्हणाली.

सोमवारी दुकानात मला फासा ऐकू यायला लागला. मी कागद उचलणार, तेवढ्यात कुठूनतरी खडखड व्हायची, मग माझा हात हलायचा. चांगला फासा पडला की कॉपी सरळ निघायची. वाईट पडला की मशीनमध्ये कागद अडकायचा. लोढाशेठ म्हणाले, आज तुझं लक्ष कुठंय? मला विचारायचं होतं, काबरं? जीभ त्या शब्दाकडे गेली. पडलेल्या दाताच्या जागी जाते तशी गेली आणि रिकामी परत आली. टेबलावर मी भामीला जे जे शब्द दिले होते ते माझ्या तोंडात राहिले नव्हते. मंग नव्हता, कुढं नव्हतं, सटवी नव्हती. मागे राहिलं होतं ते सगळं झेरॉक्स काढताना वाचलेलं.

"व्यत्ययाबद्दल दिलगीर आहे," मी म्हणालो.

शेठ दचकले. त्यांनी मला स्टूल दिलं. दुपारी एक प्राध्यापक आले, त्यांना मी म्हणालो, प्रस्तुत प्रतीची मागील बाजू अस्पष्ट आहे. त्यांनी विचारलं, आपण काय करता? संध्याकाळी शेठ मला तुम्ही म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी घसा फाडून एक शिवी द्यायचा प्रयत्न केला. तीही भामीला देऊन टाकलेली होती.

सातपूरला घरी गेलो, तर उंबऱ्यावर आई आणि भामी मेथी निवडत बसल्या होत्या. एकाच परातीत. आई खुशीत होती.

"ही भामामावशी," आई मला म्हणाली. "माह्या माहेराकडची असंल. वळख लागत न्हाई, पन बोलती तर आपल्यातलीच."

दोघी बोलत होत्या आणि वाक्यं एकाच वेळी निघत होती. "मेथीला माती लई," दोघी एकदम म्हणाल्या आणि एकदम हसल्या. आई अशी हसलेली मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मी शेजारी बसलो. मला म्हणायचं होतं, भूक लागली, वाढ ना.

"आई, मला क्षुधा लागली आहे," मी म्हणालो. "कृपया भोजनाची व्यवस्था करावी."

आईचा हात मेथीवर थांबला. "काय झालं रे तुला? बंगल्यातल्या सायबावानी काबरं बोलतो?"

मी सुधारायला गेलो. "गैरसमज नसावा," म्हणालो.

आईनं डोक्यावर पदर घेतला. बंगल्यातल्या मालकापुढे घ्यायची तसा. उठून आत गेली आणि पाहुण्यांची म्हणून कपाटात ठेवलेली ताटली धुऊन मला त्यात वाढलं. ती तव्याजवळ उभी राहिली. मी जेवत असताना ती खाली बसली नाही. काही कमी पडलं तर सांगा, म्हणाली.

जेवण झाल्यावर मी भामीपाशी गेलो. तिला म्हणालो, माझे शब्द मला परत दे. बाकी सगळं ठेव.

"तूच बोलला व्हता ना," भामी काडी मोडत म्हणाली. "घेतल्यालं परत करत न्हाई मी."

"ती मी खेळात दिलेली उणीव होती."

"बोललं का झालं."

आईनं तिला हळूच विचारलं, काय म्हनतो गं त्यो? भामी म्हणाली, काय न्हाई, कागद वाचून दाखवतोय.

त्या आठवड्यात माझी डावी बाजू फिकी व्हायला लागली. टोनर संपत आला की कॉपी अशीच येते, एका कडेनं उडत जाते. आरशात मला माझा डावा कान वाचता येत नव्हता. शेठनी बघितलं आणि म्हणाले, तुम्ही थोडं हलवून पाहा स्वतःला, कधीकधी हलवल्यावर चालतं थोडे दिवस. मी स्वतःला हलवून पाहिलं. काळपट ठिपके पडले, बस.

मला एका गोष्टीचा धीर होता. आठवणी. तीन माणसांत तीन वर्षं बसलेला माणूस. फासा एक मिळाला तरी पुरे. मी त्यांना काय काय आठवत असेल ते मनात म्हणून पाहत होतो. मला उन्हाचा त्रास होतो, हे मैत्रेयीला माहीत असणार. मी तिच्या शेजारी खिडकीकडे पाठ करून बसायचो. मला तिखट लागतं, हे ओजसला माहीत असणार. सलीलला तर माझं सगळंच माहीत असणार, कारण तो खेळ चालवतो. पण खेळ चालवणाऱ्याला आठवण सांगता येत नाही. तो फक्त खरं-खोटं ठरवतो.

पुढच्या रविवारी भामी आईला म्हणाली, चल, तुला खेळ दाखवते. आई पुढे, भामी तिच्या मागे आणि मी दोघींच्या मागे, फासा पडेल तसा. सलीलनं दार उघडलं. आईनं टेबलाकडे पाहिलंच नाही. चपला बाहेर काढून, पदर खोचून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. तिचे पाय आपोआप गेले. आतून सलीलच्या आईचा आवाज आला, "सुमन, गाळणं वरच्या फळीवर आहे गं."

माझ्या आईचं नाव सुमन नाही. आई म्हणाली, "हो, ताई."

खोली आता फार लांब झाली होती. मी दाराच्या बाजूला आणि टेबल दुसऱ्या टोकाला, एसटी स्टँडवर पलीकडच्या फलाटावरची माणसं दिसतात तेवढी माणसं दिसत होती. ऐकू मात्र स्वच्छ येत होतं. सलीलनं खड्ड्याचं वर्णन केलं. तो मन लावून वर्णन करतो. गोल आहे, म्हणाला, कडा गुळगुळीत, खालून थंड हवा येते, तळ मला माहीत नाही. तो बोलत गेला तसा माझ्या पायांपुढे खड्डा झाला. खालून थंड हवा आली. माझ्या पायांची बोटं कडेवर होती.

"हिरामण पडतोय," सलील म्हणाला. "आठवणी घेऊ. मैत्रेयी."

मैत्रेयीनं डोळे मिटले. ती मनापासून आठवत होती, ते मला दिसत होतं. "त्यानं भामी आणली," ती म्हणाली.

"ती भामीची आठवण झाली. भामीच्या घेऊन झाल्यात."

"मग… तो खूप हसतो."

सलीलनं हाताचा आडोसा करून माझ्याकडे पाहिलं. मला बोलता येत नव्हतं. मी मान हलवली. त्या टेबलावर मी भामीच्या तोंडानं लोकांना हसवलं, मी हसलो नाही.

"खोटी," सलील म्हणाला. नसलेला फासा वजा झाला, शून्याचं शून्यच राहिलं. "ओजस."

"झेरॉक्सवाला आहे. पाठपोट मस्त काढतो."

"ते दुकान झालं. माणूस सांग."

ओजसनं डोकं खाजवलं. मग त्यानं मैत्रेयीला विचारलं, "त्याचं आडनाव काय गं? गायकवाड ना?"

"गायकवाड तो पाण्याचे जार आणतो तो."

"मग याचं काय?"

"मी नाही विचारलं कधी," मैत्रेयी हळू म्हणाली. "आडनाव विचारलं की उगाच वेगळं वाटतं. म्हणजे त्याला."

"म्हणून तर मीही नाही विचारलं," ओजस म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चांगुलपणा केल्यावर माणसं बघतात तसं. सलीलनं मान डोलावली, पण फासा दिला नाही.

मग भामीची पाळी आली.

भामी खुर्चीवरून उठली. मला माहीत होतं की तिला माझं सगळं माहीत आहे, कारण माझं जे होतं ते तिच्याकडेच होतं. आणि हेही माहीत होतं की ती बोलली आणि मी उठलो, तर ती परत कागद होईल. तिनं मशेरी लावली. घाई केली नाही.

"ह्याचं नाव हिरामन किसन गांगुर्डे," भामी म्हणाली. "आजाचं नाव ठेवलंय. हा पाच वर्साचा झाला तरी बोलत नव्हता. लोक मुका म्हनायचे. आई कामावर जाताना ह्याला बंगल्याच्या मागच्या पायरीवर बसवायची. एकदा कपबशी फुटली म्हनून मालक आतून आईच्या अंगावर वराडला. आई खाली मान घालून उभी. तवा हा पायरीवरून उठला, आत गेला आन मालकाकडं बघून जल्मातलं पहिलं वाक्य बोलला. राजा असशील तुझ्या घरी."

मला हे आठवत नव्हतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"खरं हाये ते," आतून आई म्हणाली. "मी न्हवते बोलले. त्यो बोलला. मालक म्हनला, पोराला माफी मागायला लाव. म्या सांगितलं, मीच बोलले. मुका हाये त्यो. काम गेलं, जाऊ दे म्हनलं. पोरगं बोललं व्हतं."

माझ्या तोंडात एक जागा होती, तिथं काहीतरी होतं असं मला आत्ता कळलं. आणि मला कळलं तेव्हा भामीनं ते बोलून टाकलेलं होतं. मी माझं नाव मनात म्हणून पाहिलं. पहिलं अक्षर आलं, पुढची आली नाहीत.

मैत्रेयी रडत टाळ्या वाजवत होती. ओजस म्हणाला, अंगावर काटा आला, कसलं पात्र आहे हे, कसलं पात्र.

"खरी आठवण," सलील म्हणाला. "एक फासा."

त्यानं पितळी फासा भामीच्या तळहातावर ठेवला. दहाच्या वर आला की मी उठणार होतो.

भामीनं फाशाकडे पाहिलं. तिची बोटं एकेक करून मिटली.

"टाक," सलील म्हणाला.

भामी तशीच उभी राहिली.

"टाक ना, भामी."

"तिच्या हातात दिलास तू," ओजस कुजबुजला. "तिची उणीव."

सलीलनं डोक्याला हात लावला. "अरे यार," तो म्हणाला. पण तो हसत होता. तिघंही हसत होते, डोळ्यांत पाणी असताना माणसं हसतात तसे, कारण भामीनं भामीसारखंच केलं होतं.

आई ट्रे घेऊन बाहेर आली. तिनं चार मग टेबलावर ठेवले, एक सलीलपुढे, एक मैत्रेयीपुढे, एक ओजसपुढे, एक भामीपुढे. एवढ्या लांबून मला मगांवरचं वाक्य दिसत होतं, पण ते कोणत्या भाषेत आहे ते कळत नव्हतं. ट्रेमध्ये स्टीलचा ग्लास उरला. आईनं ट्रे काखेत मारला आणि गरम ग्लास पदरानं धरला.

"ह्यो कोनाचा?" तिनं विचारलं.

सलीलनं मैत्रेयीकडे पाहिलं. मैत्रेयीनं ओजसकडे.

आई वळली आणि दाराच्या दिशेनं चालायला लागली. तिच्या पायांपुढे नव्या फरश्या येत होत्या, त्यांचे सांधे ओले होते आणि ती सवयीनं, ओल्या फरशीवर पाऊल उमटू नये म्हणून, टाचा उचलून चालत होती. टेबलापाशी भामीची मूठ मिटलेली होती. आईच्या हातातल्या चहावर साय धरत होती.